घोडा बाजारात पाहावा, ठाणावर घ्यावा

प्रस्तावना

शहागड हे जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातले गोदाकाठचे गाव. धुळे-सोलापूर महामार्ग इथे गोदावरी ओलांडतो आणि पलीकडे बीड जिल्ह्यातल्या गेवराईच्या हद्दीत शिरतो. घोड्यांसाठी नावाजलेल्या गावांत शहागडचे नाव कुणी घेत नाही. पण हाच रस्ता धरून उत्तरेला निघाले की छत्रपती संभाजीनगर, चाळीसगाव, धुळे करत तापीकाठच्या सारंगखेड्याला पोचता येते. दक्षिणेला बीड, धाराशिव, सोलापूर आणि त्यापुढे अकलूज. पैठणच्या अंगाने पश्चिमेला सरकले की येवला. पूर्वेला नांदेडच्या पुढे लोहा तालुक्यातले माळेगाव. महाराष्ट्रात घोड्यांच्या बाजारासाठी ओळखल्या जाणाऱ्या या चारही ठिकाणांच्या मधोमध हे गाव बसले आहे. मार्गशीर्ष लागला की ताडपत्री ताणलेल्या पिकअपमधून बाहेर डोकावणारी वळल्या कानांची तोंडे या पुलाला ओळखीची आहेत. त्यातला एखादा घोडा शहागड-अंबड-गेवराईच्या पट्ट्यातल्या कुणाच्या तरी दारात उतरतो, तर एखादा इथल्या गोठ्यातून निघून दूरच्या बाजारात उभा राहतो. हे पुस्तक त्या घोड्याबद्दल, त्याला घेणाऱ्याबद्दल आणि विकणाऱ्याबद्दल आहे.

या काठाला घोडा नवा नाही. १७२७ च्या अखेरीस बाजीरावाच्या फौजेने जालना-सिंदखेडचा मुलूख घोड्यांच्या टापांखाली घातला. पुढे पालखेडला निजामाची कोंडी झाली आणि ६ मार्च १७२८ रोजी मुंगी-शेवगावला तह झाला. शहागडपासून जवळच, नदीच्या दक्षिण तीरावर राक्षसभुवन आहे. १० ऑगस्ट १७६३ रोजी तिथे माधवराव पेशव्यांनी निजामाच्या फौजेचा पराभव केला. निजामअली काही सैन्य घेऊन उत्तर तीरावर आलेला, गोदावरीला पूर, आणि त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या फौजेनिशी दक्षिण तीरावर अडकलेला. तो त्या दिवशी रणात पडला. नदी उतरता न आल्याने निजामाला पलीकडून पाहत राहावे लागले. या सगळ्या धावपळीत मराठ्यांची भिस्त होती ती दख्खनी, भीमथडी तट्टांवर. अंगाने लहान, पोटाला थोडे, वाटेला चिवट. त्या काळी घोडा पारखायचा तो किती कोस जाईल आणि किती कमी चंदीवर जाईल यावरून. नंतर जालन्याला हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. त्या रिसाल्यांत शिलेदारी चालायची, म्हणजे घोडा स्वाराच्या मालकीचा. मेला तर नुकसान त्याचे, म्हणून घेतानाच डोळ्यांत तेल घालून घ्यायचा.

आज या पट्ट्यात घोडा ठेवणाऱ्याला कोस मोजायचे नसतात. ऊस असलेला शेतकरी, हायवेवरचा हॉटेलवाला, ठेकेदार, वरातीला घोडा देणारा, कधी खंडोबाच्या किंवा दत्ताच्या नवसापोटी घोडी बांधणारे घर. घोडा कामाचा राहिला नाही तसा तो संख्येनेही घटला. २०१२ च्या पशुगणनेत देशात घोडे आणि तट्टे मिळून सुमारे सव्वासहा लाख होती, २०१९ च्या गणनेत ती साधारण तीन लाख चाळीस हजारांवर आली. सात वर्षांत पंचेचाळीस टक्क्यांहून अधिक घट. आणि याच काळात देखण्या घोड्याची किंमत मात्र चढत गेली. टांग्याचा, ओझ्याचा घोडा गेला, दाखवायचा घोडा उरला. खोगीर न घालता, नुसत्या मोहरकीवर धरून पंचांपुढे उभा करायचा, दहा पावले चालवायचा, वळवायचा आणि परत उभा करायचा, असा हा घोडा. त्याचे डोके, कान, मान, पाठ, पाय आणि रंग एवढ्यावरच गुण. स्पर्धांत गटही दातांवरून पडतात: अदंत म्हणजे दुधाच्या दातांचे शिंगरू, दोन दाती, आणि मग मोठे नर व माद्या.

या घोड्याचा व्यवहार फार विचित्र रीतीने होतो, आणि या प्रस्तावनेत मला मुख्यतः त्याबद्दलच बोलायचे आहे. ट्रॅक्टर घेताना जो माणूस चार शोरूम फिरतो, दोन शेजाऱ्यांना विचारतो, इंजिनाचा आवाज ऐकतो, तोच माणूस त्याहून महाग घोडा यात्रेच्या गर्दीत, ढोलाच्या आवाजात, अर्ध्या तासात घेतो. माझे म्हणणे एवढेच आहे की बाजार ही घोडा पाहायची जागा आहे, घ्यायची नाही. घ्यायचा तो त्याच्या ठाणावर जाऊन, साध्या दिवशी, सकाळच्या वेळी. आणि शक्यतो अशा माणसाकडून, जो उद्या परवा आपल्याला अंबडच्या बाजारात पुन्हा भेटणार आहे.

बाजाराला मी कमी लेखत नाही. सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत एकमुखी दत्ताचे दर्शन घेऊन बाहेर पडले की जे दिसते ते महाराष्ट्रात दुसरीकडे दिसत नाही. राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेशाकडून आलेले घोडे तंबूंच्या रांगांतून उभे असतात. अगाडी-पछाडी बांधलेले, अंगावर झूल, कपाळावर गोंडे. खरारा होऊन पाठ अशी चमकते की हात फिरवावासा वाटतो. अलीकडे चेतक फेस्टिव्हल सुरू झाल्यापासून तिथे सौंदर्याच्या, चालीच्या, नाचाच्या स्पर्धाही होतात. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोड्यांबरोबर गाढवे आणि उंटही येतात, आणि गिऱ्हाईक बहुतेक मराठवाड्यातले असल्याने बोलणे आपल्या वळणाचे असते. येवल्याचा आठवडी बाजार वेगळा. तिथे दिमाख कमी आणि कामाचे बोलणे जास्त. नवख्याने डोळा तयार करायला या बाजारांत दिवसभर फिरावे, पैसे घरी ठेवून. एका दिवसात शंभर घोड्यांचे पाय पाहायला मिळतात, आणि शंभर पाय पाहिल्याशिवाय एका पायातली खोड दिसत नाही.

बाजारातला सौदा कसा होतो तेही एकदा जवळून पाहावे. दलाल विकणाऱ्याचा उजवा हात हातात घेतो आणि त्यावर रुमाल किंवा उपरण्याचे टोक टाकतो. आत बोटे धरली जातात. एक बोट, दोन बोटे, पूर्ण पंजा, मग पंजा सोडून परत दोन. हजारांची बोली चालू आहे की लाखांची, हे आधीच ठरलेले असते. तोंडाने दोघेही भलतेच बोलत असतात, पाऊस, कापसाचा भाव, मुलाचे लग्न. विकणारा मान हलवतो, हात झटकून मागे सरतो, दलाल त्याला पुन्हा ओढून घेतो आणि तसाच घेणाऱ्याकडे वळतो. बघ्यांना आकडा कळत नाही. जमले की विसार हातावर टेकवला जातो आणि घोड्याच्या कपाळाला गुलाल लागतो. या पद्धतीत शहाणपण आहे, कारण त्याने विकणाऱ्याची अब्रू राहते आणि शेजारच्या तंबूचा भाव पडत नाही. पण तिचा तोटा असा की खरा भाव कुणालाच कळत नाही. वर्तमानपत्रांत दरवर्षी बातमी येते की अमुक घोड्याची किंमत इतके कोटी. ती मागितलेली किंमत असते. तो घोडा तेवढ्याला गेला का, हे छापून येत नाही, आणि गोदाकाठचा नवा हौशी मात्र त्या आकड्याच्या हिशेबाने आपल्या शिंगराचे दाम ठरवतो. मग ते शिंगरू दोन-दोन वर्षे विकले जात नाही.

भाव कशावर ठरतो? माझ्या पाहण्यात तीन गोष्टींवर: रंग आणि खुणा, उंची, आणि बापाचे नाव. खुणांचे शास्त्र फार जुने आहे. शालिहोत्राच्या आणि नकुलाच्या नावावर अश्वशास्त्राचे ग्रंथ आहेत, आणि नकुलाच्या नावावरचा एक ग्रंथ तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाने छापला आहे. मराठी राजांनी तिकडे दक्षिणेत जपलेली ही पोथ्यांची ठेव. बाजारात त्यातले जे उरले आहे ते तोंडी: चारही पाय आणि तोंड पांढरे तो पंचकल्याणी, गळ्यावर भोवरा असला की देवमण, डोळ्याखालचा भोवरा वाईट, मागचा एकच पाय पांढरा असला तर अर्जल, अंगठ्याखाली झाकेल एवढाच कपाळावरचा ठिपका घातक. एखाद्या घोड्याला गोम निघाली की त्याचा भाव निम्म्यावर येतो. श्रद्धेला मी हात लावत नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांना देवमण हवा असेल तर तो बघून घ्यावा, दाराशी आलेला घोडा सगळ्यांना आवडायला हवा. पण भोवऱ्याने घोडा लंगडत नाही आणि देवमणाने सरळ चालत नाही. चांगल्या हाडाचा, शांत डोळ्याचा घोडा केवळ एका भोवऱ्यापायी स्वस्त मिळत असेल, तर मी तो आनंदाने घ्यायला सांगेन. उलट पंचकल्याणी असूनही गुडघे मागे झुकलेला घोडा फुकट मिळाला तरी महाग पडतो.

पाय कसे पाहायचे, यासाठी पुस्तकात स्वतंत्र प्रकरण आहे, तरी एक गोष्ट इथेच सांगतो. घोडा सपाट, टणक जमिनीवर उभा करायला सांगा. विकणारा पुष्कळदा पुढचे पाय जरा उंचवट्यावर घेतो. त्याने मान उठून दिसते आणि उंचीही एखाद-दीड इंच वाढते. उंची मोजायची ती मान आणि पाठ जिथे मिळते त्या उंचवट्यापासून जमिनीपर्यंत, सरळ काठीने. टेप पोटावरून वळवत आणून नव्हे. मग समोर उभे राहून खांद्याच्या टोकापासून मनातल्या मनात गवंड्याचा ओळंबा सोडा. तो गुडघ्याच्या, सांध्याच्या आणि खुराच्या मधून गेला पाहिजे. बाजूने पाहताना गुडघा पुढे किंवा मागे झुकलेला नको. नंतर घोडा आपल्यापासून दूर चालवत न्यायला लावा आणि सरळ आपल्याकडे आणायला लावा, दोर सैल ठेवून. दोर आखडून धरला की डोके वर राहते आणि लंगड लपते. दुखऱ्या पुढच्या पायावर भार येतो तेव्हा डोके उचलले जाते आणि चांगल्या पायावर खाली येते. हे सैल दोरीवर शेंबड्या पोरालाही दिसते.

दात पाहणे सगळ्यांना येते असे सगळे सांगतात. समोरचे दुधाचे दात अडीच वर्षांच्या सुमारास पडू लागतात, मधली जोडी पहिली, साडेतीनला बाजूची, साडेचारला कडेची. पाचव्या वर्षी तोंड भरते. त्यानंतर दातांवरच्या खळग्यांवरून वयाचा अंदाज करायचा, आणि दहा-बारा वर्षांपुढे तो अंदाजच राहतो. वरच्या कडेच्या दातावर दहाव्या वर्षाच्या सुमारास हिरडीपाशी एक खाच उतरू लागते. तिने वय वाढलेला घोडा ओळखता येतो. दात घासून, खळगे कोरून वय लपवणारे पूर्वीही होते आणि आताही आहेत. म्हणून केवळ दातांवर न विसंबता डोळ्यांवरचे खड्डे, खालचा ओठ आणि पाठीचा उतारही पाहावा.

फसवणुकीचे प्रकार सांगताना मला आनंद होत नाही, पण ते सांगणे भाग आहे. अंगाला रंग लावून घोडा विकल्याची बातमी २०२२ मध्ये पंजाबच्या संगरूर जिल्ह्यातून आली. काळाभोर म्हणून बावीस लाखांहून अधिक देऊन घेतलेला घोडा घरी धुतल्यावर तांबूस निघाला. तापट घोड्याला गुंगीचे औषध देऊन उभा करतात. असा घोडा कान हलवत नाही, माशी बसली तरी कातडी थरथरवत नाही आणि नाकपुड्या ढिल्या सोडतो. वाळलेल्या घोड्याला बाजाराआधी दीड-दोन महिने हरभरा, गूळ आणि तूप चारून गोल करतात. त्यातला घोडा डोळ्याला भरतो खरा, पण एवढ्या खुराकाने खूर तापतात आणि नाल ठोकताना तो पाय देत नाही. मालविक्री कायदा, १९३० च्या कलम १६ चे मूळ तत्त्व असे की घेणाऱ्याने आपल्या जबाबदारीवर घ्यावे. मात्र कशासाठी घेतो आहे हे विकणाऱ्याला स्पष्ट सांगून, त्याच्या जाणकारीवर विसंबून घेतले असेल, तर त्याच कलमात घेणाऱ्याला संरक्षणही आहे. म्हणून साध्या वहीच्या पानावर का होईना, घोड्याचे वर्णन, वय, कशासाठी घेतला आणि काय दोष सांगितला हे लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. यात्रेतल्या तंबूत हे कुणी करत नाही. ठाणावर चहा घेत घेत सहज होते.

ठाणावर काय दिसते? आधी घोडा कुणाच्या हाताला आहे ते दिसते. बाजारात त्याला कसलेला माणूस धरतो, घरी त्याला रोज तोबरा कोण चढवतो? घरातली सून किंवा दहा वर्षांचा मुलगा जर बेधडक त्याच्या पोटाखालून जात असेल, तर त्या घोड्याच्या स्वभावाबद्दल दुसरा दाखला नको. बांधलेल्या जागेची जमीन पाहावी. एकाच जागी खुरांनी खड्डा पाडला असेल, खांब किंवा गव्हाणीची कड दातांनी कुरतडली असेल, तर तो घोडा कंटाळून हवा गिळणारा किंवा डोलणारा झाला आहे. ही खोड तासाभराच्या बाजारात दिसत नाही. शेण पाहावे, त्यात अख्खे दाणे पडत असतील तर दात नीट नाहीत. शिंगरू असेल तर त्याची आई दाखवायला सांगावी. बाप कितीही नावाचा असो, स्वभाव आणि पायांची ठेवण आईवरून कळते, आणि आई सहसा त्याच गोठ्यात असते.

गोदाकाठच्या एका वाडीवर मी असा एक सौदा पाहिला. दोन दाती नर, तेलिया रंगाचा, कान अगदी टोकाला टोक भिडलेले. घेणारा शेजारच्या तालुक्यातला, वरातीसाठी आणि पुढे एखाद्या स्पर्धेसाठी घोडा शोधत होता. तो उजवीकडून पुढे झाला तसा म्हातारा मालक म्हणाला, "पाव्हणं, डाव्या अंगानं या. उजव्या डोळ्याला लहानपणी लागलंय त्याच्या, एकदम दिसलं की बिचकतंय." घेणारा थांबला. त्याने डाव्या बाजूने जाऊन मानेवर हात ठेवला, मग घोड्याला उन्हातून छपराखाली आणि छपराखालून उन्हात असे दोनदा चालवून पाहिले. उजव्या डोळ्यात बुबुळाजवळ ज्वारीच्या दाण्याएवढा पांढुरका डाग होता. "बाजारात सांगितलं असतंत का हो काका?" त्याने विचारले. म्हातारा म्हणाला, "बाजारात मी नेतच न्हाई. हितनंच जातंय जे जातंय ते." वरातीसाठी तो घोडा चालला नसता, उजव्या बाजूला बँड वाजला असता आणि मुले अंगावर आली असती. म्हणून त्या दिवशी सौदा झाला नाही. पण त्या गिऱ्हाइकाने वर्षभराने त्याच वाडीवरून घोडी नेली, आणि नेताना दर फारसा पाडला नाही. एका माणसाने आपणहून दोष सांगितल्याने त्याच्या गोठ्यातल्या पुढच्या प्रत्येक जनावराला भाव आला. स्थानिक व्यवहाराची ताकद मला यात दिसते. बाहेरच्या व्यापाऱ्याला असे बोलणे परवडत नाही, कारण तो पुढच्या वर्षी दुसऱ्या तंबूत असतो.

आजारांबाबत मात्र ओळखीवर विसंबू नये. ग्लँडर्स हा घोड्यांचा जिवाणूजन्य रोग माणसालाही होतो. नाकातून चिकट स्राव, कातडीखाली गाठी, त्या फुटून व्रण. काही जनावरांत तो बाहेरून दिसतच नाही. जनावरांच्या साथरोगांबद्दलच्या २००९ च्या कायद्यानुसार हा कळवणे बंधनकारक असलेला रोग आहे. रक्ताचा नमुना हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात तपासला जातो, आणि बाधित जनावर नष्ट करावे लागते. एखाद्या भागात रोग निघाला की घोड्यांच्या हालचालीवर बंदी येते आणि यात्राही अडतात. एका घोड्याने आणलेला रोग सगळ्या तालुक्याचा व्यवहार बंद पाडू शकतो. तपासणीचे कागद मागताना संकोच करायचे कारण नाही. सर्रा हा दुसरा, गोमाश्यांनी पसरणारा. नदीकाठी, पावसाळ्यानंतर त्याची धास्ती जास्त. मधून मधून ताप, खाऊनही खंगणे, मागचे पाय ओढणे. वाहनातून नेताना पशुवैद्यकाचा दाखला सोबत हवा. नोंदणीकृत मारवाडी घोड्याला मायक्रोचिप आणि कागद असतील तर चिपचा क्रमांक यंत्राने वाचून कागदाशी ताडून पाहावा. कागद एका घोड्याचे आणि घोडा दुसराच, असे होते.

विकत घेतलेला घोडा घरी आला की त्याच्या पोटाचा प्रश्न उभा राहतो, आणि आपल्या भागात तो विशेष आहे. जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या पाण्यावर पैठणपासून पुढे उसाचा पट्टा आहे. हंगामात उसाचे वाढे मुबलक आणि स्वस्त. गाई-म्हशींबरोबर घोड्यापुढेही तेच टाकले जाते. वाढ्यात ऑक्झलेटचे प्रमाण जास्त असते, ते कॅल्शियम अंगी लागू देत नाही. महिनोन्‌महिने त्यावर ठेवलेल्या घोड्याची हाडे ठिसूळ होतात, जबडा सुजतो, तो अवघडून चालतो. शर्यतीचा किंवा टांग्याचा घोडा असता तर ते लवकर कळले असते, नुसत्या उभ्या घोड्याचे उशिरा कळते. चारशे किलोच्या घोड्याला दिवसाला आठ ते दहा किलो सुक्या वजनाचा चारा-खुराक लागतो, आणि त्यातला मोठा वाटा कडबा, सुके गवत, लसूणघास यांचा असावा. घोड्याला ओकता येत नाही, म्हणून एकदम बदललेला खुराक त्याच्या जिवावर बेततो. विकणाऱ्याकडून तो काय खात होता याचे पोतेभर सोबत आणावे आणि आठ-दहा दिवसांत हळूहळू आपल्या चाऱ्यावर वळवावे. धनुर्वाताची लस झाली आहे का हेही त्याच वेळी विचारावे. नाल, खिळे आणि शेण यांच्यात वावरणाऱ्या घोड्याला हा धोका कायम असतो.

जातींबद्दल या पुस्तकात खूप आहे, मी थोडेच बोलतो. आज आपल्याकडे सगळ्यांना मारवाडी हवा, किंवा गुलाबी कातडीचा पांढरा नुकरा. काठियावाडीलाही चाहते आहेत. मारवाडी देखणा आहे यात वाद नाही. नुकऱ्याला राष्ट्रीय यादीत स्वतंत्र जात म्हणून स्थान नाही. त्याच्या गुलाबी कातडीला मराठवाड्याचे एप्रिल-मेचे ऊन सोसत नाही, नाकपुड्या आणि डोळ्यांच्या कडा भाजतात, हे घेणाऱ्याने आधी समजून घ्यावे. आणि मला मनापासून आनंद देणारी गोष्ट म्हणजे भीमथडी घोड्याला २०२३-२४ मध्ये करनालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोकडून जात म्हणून नोंद मिळाली. ज्या तट्टांनी हा सगळा मुलूख पायाखाली घातला, ती आजही मेंढपाळांच्या बिऱ्हाडाबरोबर, पाठीवर संसार लादून या रस्त्यांनी जाताना दिसतात. त्यांना पंचांपुढे कुणी उभे केलेले मी क्वचितच पाहिले. उंचीच्या काठीवर ती कमी पडतात. पण हाडाची ठेवण, खुरांचा टणकपणा आणि स्वभाव यांना गुण ठेवून त्यांचा स्वतंत्र गट केला, तर या घोड्याला आपल्याच जिल्ह्यात भाव येईल, आणि भाव आला की लोक चांगल्या घोडीला चांगलाच नर लावतील. आज ती मिळेल त्या नराने फळते.

विकणाऱ्यासाठी दोन शब्द. घोडी अकरा महिने शिंगरू पोटात वागवते, पुढे ते अदंत असेतो सांभाळायचे म्हणजे तीन-साडेतीन वर्षांची गुंतवणूक. एवढे करून लोक बाजाराच्या आदल्या दिवशी शिंगराला पहिल्यांदा मोहरकी घालतात आणि गर्दीत ते उधळले की नशिबाला दोष देतात. पहिल्या महिन्यातच मोहरकीची सवय करावी, रोज चारही पाय उचलून खुरांवर हात फिरवावा, सहाव्या महिन्यापर्यंत दोरीवर चालायला आणि थांबायला शिकवावे. हात लागलेले शिंगरू आणि न लागलेले शिंगरू यांच्या किमतीतला फरक खुराकाच्या खर्चापेक्षा मोठा असतो. जनावर विकताना आपले दावे किंवा मोहरकी काढून ठेवायची रीत पुष्कळ घरांत आहे. ती पाळायची असेल तर घेणाऱ्याला आधी सांगावे, म्हणजे तो आपली मोहरकी घेऊन येईल आणि घोडा मोकळ्या मानेने रस्त्यावर उभा राहणार नाही.

शेवटी एक मागणी मांडतो, ती बाजार समित्यांनी, ग्रामपंचायतींनी आणि पशुसंवर्धन खात्याने ऐकावी. शहागड-अंबडच्या पट्ट्यात दसरा-दिवाळीच्या दरम्यान एक दिवसाची घोड्यांची पाहणी भरवावी. विक्रीचा तंबू नको, ढोल नको. एका टोकाला सिमेंटचा सपाट ओटा आणि उंचीची काठी, दुसऱ्या टोकाला दात पाहून वय लिहून देणारा पशुवैद्यक, मध्ये चिप वाचायचे यंत्र आणि रक्ताचे नमुने घेण्याची सोय. नमुन्यांचे निकाल दत्तजयंतीच्या आत हातात पडले तर सारंगखेड्याला निघणारा घोडा तपासलेला असेल, आणि माळेगावला त्यानंतर जाणाऱ्यालाही तोच कागद दाखवता येईल. पाहणीत आलेल्या प्रत्येक घोड्याचे वय, उंची, रंग, खुणा आणि मालकाने स्वतः सांगितलेले दोष एका नोंदवहीत उतरावेत, आणि ती वही बाजार समितीच्या कार्यालयात कुणालाही पाहायला मिळावी. घोडा शोधणारा माणूस त्यातून चार नावे उतरवून घेईल आणि सवडीने एकेका वाडीवर जाऊन घोडा पाहील.